सातव्या होलची टेकडी

पहिल्यांदा बघितलं तेव्हा अण्णा वाळूत आडवे पडले होते. एक गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, पांढरा शर्ट वाळूनं भरलेला. कोल्हापूरहून घाट उतरून, जीपमध्ये अंग मोडून घेत मी तिथं पोचलो होतो, आणि ज्याच्याशी कामाचा दर ठरवायचा तो माणूसच गेलेला दिसत होता. मी धावत जाऊन खांदा हलवला. मिटलेला डोळा उघडला.

"सावली पाडू नको," ते म्हणाले. "जमीन दिसंना झालीया."

उभं राहून जमीन कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. "उभ्यानं बघितलं की ती गप बसती. तिच्याशेजारी झोपावं लागतंय. मग सांगती, कुठं चढ हाय, कुठं उतार." वय पासष्टीच्या पुढं, दोन्ही गुडघे गेलेले. झोपायला त्यांना एक मिनिट लागायचं आणि उठायला तीन. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हे चालायचं. उठवायला हात पुढं केला तर घ्यायचे नाहीत.

अण्णा म्हणजे गणपतराव हलकर्णीकर. हे नाव एके काळी इंग्रजी पेपरात फोटोसकट यायचं. गडहिंग्लजकडचे. राज्याच्या सीमेपलीकडच्या लष्करी छावणीत साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहता वाहता गोल्फ शिकले, आणि पुढं देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा दोनदा जिंकली. परदेशातही खेळून आले. दिल्ली-कलकत्त्यात त्यांना बघून लोक उठून उभे राहायचे म्हणे. आमच्या कोल्हापुरात मात्र कुस्ती आणि फुटबॉल सोडून बाकीचा खेळ कुणी खेळात धरत नाही. एकदा तालमीसमोरच्या चहाच्या गाड्यावर एका पैलवानानं त्यांना माझ्यादेखत विचारलं, "अण्णा, तुमच्या त्या खेळात पडतं तरी कोण?"

"सगळीच पडत्यात, पावणं," अण्णा बशीतला चहा फुंकत म्हणाले. "फकस्त पाठीला माती लागत न्हाय, म्हणून दिसत न्हाय."

नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी मुंबईच्या एका मालकानं कोकणात, गोव्याच्या हद्दीजवळ, एका खाडीच्या तोंडाशी वाळूच्या टेकड्यांचं मोठं रान घेतलं. रस्ता नाही, वीज नाही. सुरूची झाडं, केवड्याची बेटं आणि वाळूवर पसरलेली मर्यादवेल, एवढंच. तिथं त्याला गोल्फचं मैदान करायचं होतं, आणि ते आखायला त्यानं अण्णांना बोलावलं. अठरा पट्टे, प्रत्येकाच्या शेवटी चेंडू घालायचा एक खड्डा. त्या पट्ट्याला होलच म्हणतात. अण्णा शंभर मैदानांवर खेळले होते, पण स्वतःचं असं एकही त्यांनी आखलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी खाडीच्या काठावर बसून ते मला म्हणाले, "चषकं काय, घरातल्या फडताळात पडून काळी झाली. मैदान ऱ्हातंय. माणूस मेला तरी लोक म्हणत्यात, हे अमक्यानं काढलंय. एवढं एक माझ्या नावाचं व्हावं." त्या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं.

मी मारुती, कोडोलीचा. बैलगाडीनं मुरूम ओढत सुरुवात केली, मग ट्रॅक्टर, मग डोझर. कुणाच्या वशिल्यानं नाही. शिरोळकडची उसाची रानं मी अशी सपाट करून दिलीत की एका टोकाला पाटाचं पाणी सोडलं तर दुसऱ्या टोकापर्यंत सरीत एकसारखं जातं, बोटभर कमी-जास्त होत नाही. दर ठरवताना मी कुणाला ऐकत नाही आणि डोकं तापलं की मालक असो की इंजिनियर, तोंडावर बोलतो. त्या पहिल्या दिवशीही मी अण्णांसमोर वाळू उचलायचा दर मांडला, चढवला, उतरवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा उचलायचा दर झाला. न उचलायचा किती घेशील?"

मी हसलो. ते हसले नाहीत. शेवटी रोजावर ठरलं.

मग दोन महिने माझं डोझर उभं. अण्णा पुढं चालायचे, मी मागं लाल चिंध्या बांधलेल्या काठ्या घेऊन. एका टेकडीपाशी थांबायचे, झोपायचे, उठायचे आणि म्हणायचे, "हितं कायबी करायचं न्हाय." पुढच्या टेकडीला तेच. मी एकदा चिडून म्हणालो, "अण्णा, मग मला कशाला आणलंय? काठ्या रवायला गावातली माणसं पुरली असती."

"तुझं मशीन बघून मालकाला धीर येतोय," ते म्हणाले. "घाई हाय का तुला?"

हे त्यांचं आवडतं वाक्य. जेवताना, चालताना, माझ्या प्रत्येक तक्रारीवर, घाई हाय का तुला? मला घाई होती. मी उभ्या मशीनचा मालक होतो, आणि उभं मशीन बघून मला लाज वाटायची.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी सातव्या होलला घालवला. समुद्राच्या बाजूला तिथं एक मोठी, वेडीवाकडी टेकडी होती. मधूनच खचलेली, मधूनच फुगलेली, अंगभर मर्यादवेल. खेळणाऱ्याला पलीकडचं काही दिसायचं नाही. मी म्हणालो, हे तर काढावंच लागेल. अण्णा म्हणाले, "ह्यासाठीच तर हे मैदान करायचं. न दिसणाऱ्या जागी चेंडू मारायला छाती लागती." आणि तिच्याभोवती त्यांनी स्वतःच्या हातानं लाल चिंध्यांचं कडं केलं.

फेब्रुवारीत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून ते दहा दिवस कोल्हापूरला गेले. तिसऱ्या दिवशी मालकाचा मॅनेजर आला. त्यानं सगळं रान फिरून बघितलं आणि माझ्या मशीनवर टिचकी मारून म्हणाला, "ठेकेदार, हे चालतं का, की नुसतं फोटोला आणलंय? म्हातारबाबा झोपा काढतात म्हणे वाळूत. तुम्हीपण काढताय वाटतं."

तो गेला, पण माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातव्या होलला डोझर घातलं. फक्त राग होता असंही नाही. मला खरंच वाटलं की अण्णांना कामाचा नमुना दाखवू. दोरी लावली, लेव्हल धरली. दोन दिवसांत टेकडी काढून वाळू खाडीच्या अंगाला ढकलली आणि तिथं असं रान केलं की शिरोळचा बागायतदार बघून टाळ्या वाजवील. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चोख काम. गावातली एक म्हातारी लाकडं घेऊन चालली होती, ती थांबली. "ह्यां काय केलंस रे मेल्या? आता वारो सरळ आमच्या घरात येतलो!" मी तिला म्हटलं, आजी, वारा येऊ दे की, उकडतंय किती.

अण्णा परतले ते डोळ्यावर हिरवा चष्मा लावून. मी त्यांना हौसेनं तिथं नेलं. ते उभेच राहिले. त्या दिवशी झोपले नाहीत, झोपण्यासारखं तिथं काही उरलंच नव्हतं.

"लई सपाट केलंस रं, मारुती," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "वाळू कुठं टाकलीस?"

मी खाडी दाखवली. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका लावून तिथं सुरूच्या फांद्यांची कुंपणं घातली, मर्यादवेलीचे तुकडे लावले. वारा वाळू आणील, कुंपण धरील, वेल बांधील, अशी आशा. बायकांबरोबर स्वतः वाकून वेल लावत होते. माझ्याशी रोजच्यासारखंच बोलत होते. ते मला सोसेना. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "अण्णा, एक शिवी तरी द्या की!"

"दिली अस्ती," ते वर न बघता म्हणाले. "पर शिवी दिली की तू मोकळा झाला अस्तास."

त्या पावसाळ्यात जे व्हायचं ते झालं. कुंपणं टिकली नाहीत, आणि टेकडीच्या आडोशाला म्हणून आखून नंतर रुजवलेल्या तीन होलांची हिरवळ समुद्रावरच्या वाऱ्यानं वाळूखाली गेली. गावाच्या भातात वाळू, विहिरीत वाळू. गाववाल्यांनी काम अडवलं. ऑक्टोबरात मालक स्वतः आला. पत्र्याच्या शेडमध्ये टेबलाभोवती आम्ही बसलो, मालक, मॅनेजर, अण्णा आणि मी. मालकानं एकच विचारलं, "ती टेकडी काढायला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, उघडलं होतं. पण माझ्या दारात नवं दुसरं मशीन येऊन महिना झाला होता, अकरा माणसं माझ्या कामावर जेवत होती, आणि हा सगळा विचार मी त्या एका श्वासात केला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "मी."

मॅनेजरला ठाऊक होतं अण्णा तेव्हा कुठं होते. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी टेबलाकडं बघत राहिलो. आयुष्यात दोन पैशांसाठी चारचौघांत आवाज चढवणारा मी, तिथं पुतळा झालो. अर्ध्या तासात अण्णांचं काम काढून घेतलं गेलं. माझं राहिलं.

परत येताना घाटात मी जीप बाजूला घेतली आणि भांडलो. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझं पाप अंगावर घ्यायला? मी मागितलं होतं का? मी फुकटचं काही घेत नाही कुणाचं!"

"तुझं न्हाय घेतलं," ते म्हणाले. "माझं सांगितलं. तुझ्या हातात मशीन आणि माझ्या मागं तू एकटा, हे मला कळायला पायजे हुतं. तेवढी माझी चूक. आमच्या खेळात पंच न्हाय, मारुती. चेंडूला चुकून पाय लागला आणि कुणी बघितलं न्हाय, तरी आपला दोष आपण सांगायचा. दुसऱ्याचा न्हाय सांगायचा. तुझं तू सांगणार हुतास न्हवं?"

"सांगणार होतो."

"मग सांगायचं की. मी काय तुझं तोंड धरलं हुतं?"

मी जीप परत रस्त्यावर घेतली. घराशी उतरताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो मला त्या दिवशी दगडासारखा लागला.

त्यांच्या जागी परदेशातला एक नामांकित माणूस आला. त्यानं सगळ्या टेकड्या उलथ्यापालथ्या केल्या, दोन वर्षं माझी दोन्ही मशीनं थांबली नाहीत. राजारामपुरीतलं माझं घर त्या कामावर उभं आहे. मैदानाच्या दारात काळ्या दगडावर त्या परदेशी माणसाचं नाव कोरलंय. अण्णांचं नाव कुठंच नाही.

माझा अण्णांवर राग आहे. अजून आहे, आणि आता तो वागवायचाही कंटाळा आलाय. सौदा करायला दोन माणसं लागतात. त्यांनी एकट्यानंच ठरवलं, एकट्यानंच भरलं, आणि मला अशा खेळात उतरवलं ज्याचे नियम मला कुणी आधी सांगितले नव्हते. मी सहा वर्षं त्यांच्या गल्लीत गेलो नाही. बाजारात लांबून दिसले तर रस्ता बदलला. ते मात्र दिसलो की हात वर करायचे.

ते गेल्याचं मला पेपरात कळलं, आतल्या पानावर चार ओळी. पंधरा दिवसांनी मी धीर करून घरी गेलो. अण्णांच्या बायकोनं, काकूंनी, चहा केला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "दुसरं काय न्हाय, पर त्या कोकणातल्या मैदानाचं मनाला लागलं त्यांच्या. आणि मीबी लई बोलली त्यांना. ती टेकडी काढाय सांगितलीच कशाला, म्हणून. एवढी वर्सं खेळून एवढं कळंना व्हय तुमाला, म्हणून. शेवटच्या आजारपणातबी बोलली बगा एकदा."

घरातसुद्धा? बायकोलासुद्धा? मी बशी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मॅनेजरची टिचकी, दोरी, दोन दिवस, शेड, घाट.

काकू रडल्या नाहीत. मला वाटलं, आता तरी शिव्या मिळतील.

"त्यांनी तुमाला शपथ घातलती का, सांगू नको म्हणून?"

"नाही."

"मग?"

मी खाली ठेवलेली बशी उगाच पुढं सरकवली.

"आता मला सांगून काय उपेग," त्या उठत म्हणाल्या. "माझं ऐकणार कोण? तुमी मोठं झालाय, चार लोक तुमचं ऐकत्यात. त्यास्नी सांगा." आणि आत गेल्या त्या परत बाहेर आल्या नाहीत.

त्यालाही आता तीन वर्षं झाली. सांगतो. सातव्या होलची टेकडी मी काढली. मशीन माझं, अक्कल माझी. मला कुणीही सांगितलं नव्हतं. गणपतराव हलकर्णीकर त्या दिवशी कोल्हापुरात दवाखान्यात होते, आणि त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती.