मागच्या स्पीकरमधली धवलारीण

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी अर्नाळ्याची. टोपली दारात उतरवून आईशी भाव करता करता मध्येच गुणगुणायची. लग्नात धवले म्हणणारी बाई, म्हणजे धवलारीण, ही तिची गावातली खरी ओळख. हळदीपासून सगळे विधी तिच्या गाण्यावर चालत. ती पुढे उभी राहून ओळ टाकणार आणि मागच्या दोघी ती उचलणार. त्या दोघी तिच्याच सुना.

नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि मला शहाणपणाचा झटका आला होता. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत मी पाच स्पीकर मांडले होते, तीन समोर आणि दोन पाठीमागे. संगणकात सराऊंड मिक्सिंगचं सॉफ्टवेअर होतं, कुठून आणलं ते विचारू नका. मावशीला म्हटलं, तुमचे धवले रेकॉर्ड करतो, गावाला ऐकवू. ती लाजली, पण दुसऱ्याच दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून सुनांसकट हजर झाली. तिघींपुढे मी तीन माइक ठेवले.

या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनवर एक गोल असतो. मधोमध ऐकणारा बसलाय असं धरायचं, आणि प्रत्येक आवाजाचा एक ठिपका. ठिपका माउसने जिकडे ओढाल तिकडून आवाज येतो. थोरल्या सुनेचा आवाज खणखणीत होता. मावशीचा वरच्या सुरात फाटत होता, मध्येच खरखरत होता. मी तिचा ठिपका धरला आणि थेट मागे नेऊन सोडला, वर थोडा घुमारा चढवला. सुनेला समोर आणलं. पाठीमागून आवाज आला की लोक चाट पडतील, असं स्वतःला पटवलं. खरं कारण मला ठाऊक होतं. मला मावशीच्या आवाजाची लाज वाटली होती, आणि आज त्या वाटण्याचीच लाज वाटते.

एका दुपारी गावातल्या शाळेच्या वर्गात सगळ्यांना ऐकवलं. मावशीला मानाने मधल्या खुर्चीवर बसवलं, कारण सराऊंडची खरी गंमत तिथेच कळते. गाणं सुरू झालं तशी ती मान वळवून मागे बघायला लागली. मागे नुसता स्पीकर.

"बाला, माज्या म्होरं कोन उभी हाय?" तिने विचारलं.

"थोरली," मी म्हणालो.

"आनि मी मागं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. "मावशी, ते मशीनच ठरवतं," मी म्हणालो. "आवाज ऐकतं आणि जागा देतं."

बेशरमपणा तरी किती! तिने मान डोलावली, पदराने तोंड पुसलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या पुतणीच्या लग्नाला तिने आम्हाला अगत्याने बोलावलं. हळदीला बायका जमल्या, सगळ्यांच्या नजरा मावशीकडे. तिने थोरलीचा हात धरून तिला पुढे उभं केलं आणि आपण मागे सरली. थोरली घाबरली, दुसरीच ओळ विसरली. मावशीने मागून ती हळूच सांगितली.

नंतर मांडवाच्या कडेला मी तिला गाठलं. "मावशी, आज तुम्ही मागे?"

"अरं, आवाज गेला तरी घरची मानसं तोंडावर बोलत नाय," ती म्हणाली. "मशीनला कोनाची भीड? तू ऐकवलंस ते बरं झालं."

ठिपका मी ओढला होता. एवढं एक वाक्य बोललो असतो तर संध्याकाळच्या धवल्यांना ती पुन्हा पुढे उभी राहिली असती. मी "हो ना" म्हणालो आणि जेवायला बसलो.