मामांच्या हातावरचे दाणे

माजलगाव तालुक्यात माणसांपेक्षा कबुतरांची मर्जी जास्त सांभाळणारे एकच गृहस्थ आहेत आणि ते माझे मामेसासरे आहेत. चाळीस एकर ऊस, घरात राजकारण, दारात कायम कुणाची तरी जीप. पण मामांना गाठायचं तर गच्चीवर जावं लागे. तिथं कबुतरांच्या ढाबळीसमोर ते तळहातावर ज्वारी घेऊन पुतळ्यासारखे बसलेले असत. नवं कबूतर हातावर यायला कधी आठवडा लागे, कधी महिना. तेवढे दिवस मामा शिंकही दाबून धरत. एकदा मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला त्यांनी अर्धा तास जिन्यातच उभं केलं. "नवी मादी आताशी जवळ येतीय. तितंच थांबा," एवढंच म्हणाले. माझ्या लग्नात नवरीमागे उभं राहायचा मान त्यांचा होता. मंगलाष्टकं संपली तेव्हा तिथं मामा नव्हते. दाण्याची वेळ झाली म्हणून निघून गेले होते. मामी एवढंच म्हणत, "पुढच्या जन्मी मला कबूतर कर रे देवा, म्हंजी ह्यांला दिसंन तरी."

मागच्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात जीभ जड झालेली, तरी पहिला शब्द निघाला, "दाणे?" मामींनी फोनवर सांगितलं, "खातेत की." ते खोटं होतं. गडी गच्चीवर गेला की सगळी कबुतरं उडून पाण्याच्या टाकीवर बसत. दोन तर परतलीच नाहीत. शेवटी मामींनी लुगड्यावरून मामांचा सदरा चढवला आणि ज्वारी घेऊन ढाबळीसमोर बसल्या. मी पाहतोय हे कळल्यावर म्हणाल्या, "हसू नका, जावईबापू. गच्ची रिकामी दिसली तर हे जगायचे न्हाईत." तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी एक कबूतर आलं, आणि मग हळूहळू बाकीची.

महिन्यानं मामा घरी आले. आम्ही त्यांना खुर्चीसकट गच्चीवर नेलं. उजवा हात थरथरत होता, ज्वारी सांडत होती. कबुतरं जवळ आली, बिचकली आणि शेजारी मामींच्या हातावर जाऊन बसली. मामांची नजर कबुतरांवरून मामींकडे वळली.

"कावून सांगितलं न्हाईस?" त्यांनी अडखळत विचारलं.

"सांगून काय व्हनार हुतं? तुमी तितं, मी हितं."

मामींनी आपला हात मामांच्या हाताखाली धरला. थरथर जराशी कमी झाली. आता रोज सकाळी दोघं तसेच बसतात. एखाद्या दिवशी कबूतर येतं, एखाद्या दिवशी येत नाही. ऊन चढेपर्यंत मामा हात मागे घेत नाहीत, आणि मामीही नाही.