अंडी न देणाऱ्या तीन कोंबड्या

आमच्या बचत गटाला कोंबड्या मिळाल्या, तेव्हापासून अंडी कधी कमी कधी जास्त, किस्से मात्र रोजचे. त्यातले अर्धे हसायचे, अर्धे गिळायचे.

आता आमची मंदा. जावई आला म्हणून तिनं एकुलता एक कोंबडा कापला. त्यानंतर आठ दिवसांनी घातलेली अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली, तर पिल्लं निघाली. झालं, मंदाचं शेजारणीशी कडाक्याचं भांडण! "तुमचा कोंबडा आमच्या अंगणात येऊन राह्यला."

जनावरांच्या दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, "अगं, कोंबडीच्या पोटात बारीक ग्रंथी असतात. कोंबड्याचं बीज तिथं दोनेक आठवडे टिकतं."

मंदा म्हणाली, "आधी सांगायचं न्हाई का? आता शिव्या वापस कशा घेऊ?" दोघी अजून बोलत नाहीत.

*

शोभा आमच्यात सगळ्यात लहान. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. तिची सासू पार्वताकाकू चारचौघींत सांगायची, "दिवाळीपर्यंत बघते, मंग पोराला दुसरी करते."

एकदा मीच म्हणलं, "काकू, पोराची बी तपासणी करा की."

"त्याला काय धाड भरली? चार भाकरी खातो," काकू म्हणाली.

*

उन्हाळ्यात पार्वताकाकूकडं अंडी मऊ पडायला लागली, नुसती कातडी. काकूनं शोभाला खुराड्यात जायची बंदी केली. मॅडम म्हणाल्या, "कवच बनवणारी ग्रंथी असते, तिला उन्हात चुना कमी पडतो. शिंपल्याचा चुरा द्या, गार पाणी द्या." दोन्ही रोज शोभाच बाहेरून सरकवायची. पंधरा दिवसांत अंडी टणक झाली.

काकू गावभर सांगत फिरली, "पाह्यलं? शोभीचा हात लागू दिला न्हाई, म्हणून."

*

काकूकडच्या नव्या पिल्लांतल्या चार कोंबड्या मोठ्या झाल्या. तुरे लालभडक, रोज टोपल्यात बसायच्या, पण अंडं एक न्हाई. एक मेली. मॅडमनी ती ओसरीवरच फाडली. मी होते, शोभा घमेलं धरून उभी.

"पिल्लू असताना हिला ताप येऊन गेला," मॅडम म्हणाल्या. "त्यात आतल्या ग्रंथी जळाल्या. राहिलेल्या तिघींचं बी तेच असणार. वरून कळत नाही. हिचा काही दोष नाही."

काकूनं डोळ्याला पदर लावला. "मुका जीव. आन् मी हिला किती हाडहाड केली. त्या तिघींना कुणी कापायचं न्हाई. दाणा खाऊन राहतील बिचाऱ्या."

दिवाळी झाली. काकूनं शोभाची बॅग स्वतः भरली आन् तिच्या भावाबरोबर तिला माहेरी भोकरदनला लावून दिली.

परवा काकूकडं गेल्ते मी. तिन्ही कोंबड्या अंगणात होत्या. नवी सून त्यांना दाणे टाकत होती.