शैलाकाकूंनी उगवलेलं माझं सोयाबीन

शैलाकाकूंनी मला मदत केली, हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगितलं तर सगळं मीच केलं असं वाटेल, आणि तसं वाटू देण्यात मी तरबेज आहे. काकू आमच्या शेजारी राहतात. पूर्वी पुण्यात केमिस्ट्री शिकवायच्या. मी लातूरकडची, नववीत शाळा सोडलेली.

शिकागोजवळच्या आमच्या मंडळात बायका कोडिंगवर बोलतात तेव्हा मी समोसे वाढते. पण परसात सोयाबीन लावायचा विषय निघाला आणि मला कंठ फुटला.

"इथल्या थंडीत येतं का गं ते?" एकीनं विचारलं.

"मी लावलं की येतं."

झालं! जूनमध्ये सगळ्याजणी बघायला येणार असं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना येत नसलेलं काहीतरी मला येत होतं.

मेअखेरीस माती जरा कोमट झाल्यावर पेरलं. आठ दिवस झाले, बारा झाले, कोंब नाही. थंडी बाधली असेल म्हणून वाफ्यावर प्लास्टिक घातलं, मग ह्यांची शाल (लग्नातली). त्यात घरात सगळ्यांची पोटं बिघडली.

"अगं, मीटिंगमध्ये पोट असं गुरगुरलं की बॉस म्हणाला, कुणाचा फोन व्हायब्रेट होतोय?" हे म्हणाले.

"इथलं पाणीच जड आहे," मी ठामपणे सांगितलं.

बायका यायच्या त्या सकाळी काकू आल्या. चपातीचा एक घास खाल्ला आणि थांबल्या.

"रेखा, पिठात सोयाबीन घालतेस ना?"

"हो, भाजून दळते. कच्चं पचत नाही काकू, एवढं कळतं मला."

"भाजलेलं कुठल्या बरणीत असतं?"

मी डावीकडची बरणी दाखवली. मग उजवीकडची. मग खाली बसले. भाजलेलं मी मातीत पेरलं होतं, आणि कच्चं बियाणं दळून घरच्यांना खाऊ घातलं होतं.

"काकू, आता त्या येतील. काय दाखवू?"

"नवीन पाकीट फोडलंस तेव्हा मला मूठभर दिलं होतंस ना? अंड्यांच्या खोक्यात लावलंय, खिडकीत. वीतभर झालंय. खुरपं घे."

तासाभरात वाफा हिरवा झाला. बायका आल्या, फोटो काढले. मी जमिनीच्या उबेवर भाषण ठोकलं. शेवटी काकूंनी, अगदी सरळ चेहऱ्यानं, हात वर केला.

"बियाणं निवडताना काय काळजी घ्यावी?"

मी त्यावर दहा मिनिटं बोलले. काकूंनी टिपून घेतलं.

त्यांचे हे उपकार मी एक दिवस नक्की फेडणार आहे. फक्त त्यांच्यावर तशी वेळ यायला त्यांनी आधी माझ्याएवढी हुशारी करायला हवी.