परकराखालची ओल

एका पावसाळ्यात खाज सुटली, अंगावरून दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं जाऊ लागलं आणि मी थेट नवऱ्यावर संशय घेतला. तो नागोठण्याला कंपनीत होता, आठवड्यातले चार दिवस तिकडेच राहायचा. महिनाभर मी त्याचे खिसे तपासले, शर्ट हुंगले. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखीच वाढला.

शेवटी पेणच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, नवऱ्यावरचा संशयही बोलून दाखवला. तपासून त्या म्हणाल्या, "बुरशी आहे ही. थोडी अंगात असतेच, ओल मिळाली की फोफावते. नवऱ्याचं राहू दे, चड्ड्या कुठे वाळत घालतेस?"

कुठे म्हणजे? मोरीमागे, वाळत घातलेल्या परकराखाली, कोणाला दिसू नयेत अशा. सकाळी दमटच अंगात घालायच्या. आमचं हमरापूरचं घर गणपतीच्या मूर्तींचं. ओल्या मूर्तीला रंग दिला तर पोपडे निघतात, म्हणून कारखान्यात दिवसभर पंखे फिरायचे. मूर्तीचं कळत होतं आणि स्वतःचं नाही! माझाच मला संताप आला.

औषध सुरू केलं आणि चड्ड्या पुढच्या पडवीत, वाऱ्यावर टांगल्या.

सासूबाई रोह्याला लेकीकडे होत्या, त्या दहा दिवसांनी परतल्या. आधी दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुणाला दाखवतेस गो?"

मी सगळं सांगून टाकलं, त्यांच्या मुलावरच्या संशयासकट. वाटलं, आता माझी धडगत नाही. त्यांनी रस्त्यावर कोणी नाही ना ते पाहिलं, जवळ आल्या आणि हळूच विचारलं, "खाज किती दिसांत गेली?"