डोंगर नसलेला पट

अनुभव लिहायला बसलेले लोक आधी आपली भक्ती सांगतात. माझ्यापाशी सांगण्यासारखी भक्ती नव्हती, तक्रारी मात्र पोतंभर होत्या. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मी वाशीमच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. रोज संध्याकाळी बालाजीच्या देवळात जायचो, हात जोडायचो आणि मनातल्या मनात देवाशी भांडून परत यायचो. दहा वर्षांत स्वतःचं म्हणावं असं एकही चित्र माझ्या हातून झालं नव्हतं. दुकानांच्या पाट्या, गणपतीमागचे पडदे आणि कॅलेंडरवरून उतरवलेल्या लक्ष्म्या, एवढाच माझा पराक्रम. दोष मी गावाला देत असे. इकडे पाहिलं तर कपाशीची पऱ्हाटी, तिकडे पाहिलं तर तूर, मधे उघडे माळ. मी मूळचा अनसिंगचा, तिथेही हेच. डोळ्यांना काही मिळालं तर हात काढतील ना, असं मी बालाजीला सुनवायचो. एकदा मोठे डोंगर दाखव, वाळवंट दाखव, मग बघ माझा हात कसा चालतो ते. देव काही बोलत नसे, त्यामुळे माझा राग आणखी वाढे.

आमच्या शेजारच्या गल्लीत धान्याची अडत असलेले एक जैन सेठ राहत. त्यांच्या मंडळींत एक रीत आहे. शत्रुंजय हा काठेवाडातला त्यांचा सर्वांत मोठा तीर्थाचा डोंगर. पावसाळ्याचे चार महिने त्यावर कोणी चढत नाही, कार्तिकी पौर्णिमेला यात्रा पुन्हा सुरू होते. ज्यांना त्या दिवशी तिथे जाणं जमत नाही ते कापडावर रंगवलेला डोंगराचा पट मांडतात, त्यापुढे वंदन करतात आणि यात्रा घडली असं मानतात. वाशीमचा जुना पट वाळवीने खाल्ला होता. नवा काढायचं काम सेठजींनी मला दिलं. एक छापील चित्र समोर ठेवून मी महिनाभरात पट पुरा केला. डोंगर, त्यावरची शिखरं, खाली नदी, वर ढग, सगळं जसंच्या तसं. कार्तिकी पौर्णिमेला तो मांडला तेव्हा लोकांनी वाहवा केली.

शेवटी सेठजींच्या आईला खुर्चीवर बसवून आणलं. त्यांना सगळे माजी म्हणत. पडून कमरेचं हाड मोडल्यापासून सहा वर्षं त्या खाटेवरच होत्या. नव्या नवरी असताना सासूबरोबर एकदाच त्या शत्रुंजयावर चढल्या होत्या, आणि मरायच्या आत पुन्हा एकदा दर्शन व्हावं एवढीच त्यांची इच्छा उरली होती. डोलीत बसवून नेण्याचीही डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. माजींनी पटाकडे बराच वेळ पाहिलं, मग हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

"चित्र चांगलं हाय मास्तर," त्या म्हणाल्या. "पण मले दर्शन नाई झालं."

मला इतका संताप आला की प्रसाद न घेताच मी घरी आलो. चित्रात खोट असेल तर दाखवा म्हणावं. दर्शन होणं न होणं ही काय माझ्या कुंचल्याची जबाबदारी? बायकोजवळ मी तासभर धुसफुसत राहिलो. पण खरं सांगायचं तर माजींचा शब्द मला झोंबला तो खरा होता म्हणूनच. त्या पटात माझंही काही नव्हतं.

सेठजी मात्र आईच्या शब्दाला फार मानणारे. त्यांनी ठरवलं की मास्तरांना डोंगर प्रत्यक्ष दाखवायचा. माघात ते कुळदेवीला मारवाडात निघालेच होते. वाटेत आबू, मग वाळवंटातलं त्यांचं गाव, आणि परतताना पालिताणा, म्हणजे शत्रुंजय. हेडमास्तरांनी तोंड वाकडं करून रजा दिली. मी बालाजीला सांगायला गेलो. मागितलेलं मिळालं होतं तरी नमस्कार केला तो हिशेब चुकता झाल्यासारखा.

त्या प्रवासाचं वर्णन काय करू? मोटारीने अकोला, पुढे गाड्या बदलत अहमदाबाद, पुन्हा गाडी, पुन्हा मोटार. सेठजी स्वभावाने सोन्यासारखे, पण त्यांनी एक गोष्ट मनावर घेतली होती, ती म्हणजे मला स्फूर्ती आणण्याची. आबूला तळ्याकाठी सूर्य बुडत होता. दृश्य सुंदर होतं, नाही कशाला म्हणू. खडक लाल झाले होते, खाली दऱ्यांत निळी सावली भरत होती. मी जरा त्यात हरवतोय न हरवतोय तोच माझ्या खांद्यावर हात पडला.

"काढा मास्तर, काढा. असा डोंगर आपल्या वाशीमात भेटन का तुमाले?"

मी काढलं. कागदावर उमटलं ते कॅलेंडर. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी उठवून दुसऱ्या कड्यावर नेलं. पुन्हा कॅलेंडर. तीन दिवसांत मी चौदा कागद रंगवले आणि सगळे फाडून टाकले. माझ्यात जे नव्हतं ते डोंगरात कुठून येणार, अशी शंका मनात यायला लागली, आणि तिला दाबण्यासाठी मी सेठजींवर, थंडीवर, धर्मशाळेतल्या ढेकणांवर चिडत राहिलो.

वाळवंटाने तर हद्दच केली. वाळू दातांत, वाळू रंगांत, वाळू पोळीत. दिवस कलला की टेकड्यांच्या धारा अशा उठून दिसत की बघत राहावं, पण कागद उघडला की वारा सुटे. कुळदेवीच्या देवळाबाहेर मी एकदा जिद्दीने बसलो, तर मागे बांधलेल्या उंटाने मान लांबवून माझ्या हातातला कागद ओढला आणि शांतपणे चघळून गिळला. त्या अख्ख्या प्रवासात माझ्या चित्राला मिळालेली दाद तेवढीच. सेठजी हसून हसून खाली बसले. मी त्या दिवशी कोणाशी बोललो नाही. बालाजीशीही नाही.

पालिताण्याला पोचलो तेव्हा माझा गुडघा सुजला होता आणि अंगात कसर होती. शत्रुंजयावर चढताना अनवाणी जायचं आणि वर काही खायचं नाही हा नियम. तुम्हाला तो लागू नाही, असं सेठजी म्हणाले. पण सगळे उपाशी चढणार आणि मी एकटा चिवडा खात जाणार, हे मला बरं दिसलं नाही. तांबडं फुटताना निघालो. माझ्या पाठीवर चित्राची फळी, कागद आणि रंगांची पेटी. सेठजींची मंडळी देवाचं नाव घेत झपाझप पुढे गेली. मी मागे राहिलो तो मुद्दाम. निदान आज तरी कोणी खांद्यावर हात ठेवायला नको होतं.

चारपाच ठिकाणी मी फळी काढून बसलो. वर पाहावं तर डोंगर अंगावर येई आणि शिखर काही केल्या जवळ येत नसे. मोजमाप जुळेना, रेघ बसेना. ऊन चढलं. निम्मी वाट झाली असेल नसेल तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका पायरीवर बसलो तो उठताच येईना. येणारेजाणारे बाजूने चढत होते. मी तोंड भिंतीकडे वळवलं आणि लहान मुलासारखा रडलो. दुःखाने नव्हे, चिडून. मी बालाजीचा माणूस, दुसऱ्यांच्या देवाच्या डोंगरावर उपाशीपोटी काय करतोय? मागितलेलं दिलंस ते असं द्यायचं होतं? आता मला काही नको. चित्र नको, डोंगर नको. तुला हवं ते कर, असं मी मनात म्हणालो. ते शरण जाणं नव्हतं, तो वैताग होता. पण शब्द तेच होते.

कोणीतरी समोर उभं असल्याचं जाणवलं. एक काठेवाडी बाई होती. वय साठीच्या आतबाहेर, काळं लुगडं, डोक्यावर फडक्याने बांधलेली घागर. माझी फळी तिने आधीच उचलून बगलेत धरली होती. मी पुन्हा शिखराकडे पाहिलं आणि मान हलवली, आता जमणार नाही म्हणून. तेव्हा ती एवढंच बोलली:

"उपर ना जोशो, भाई. पगथियुं जुओ."

वर पाहू नका, पायरी पाहा. तेवढं गुजराथी मलाही कळलं. ती वळली आणि चालू लागली. फळी तिच्याजवळ, त्यामुळे मला उठणं भाग पडलं. खरं तर तेवढ्याच कारणाने उठलो. पुढे कितीतरी वेळ मला तिच्या टाचा दिसत होत्या, बाकी काही नाही. भेगाळलेल्या टाचा, एका पायात चांदीचा जाड वाळा. ती पाऊल ठेवी तिथे मी पाऊल ठेवी. मधोमध झिजलेली पायरी, कडा तुटलेली पायरी, पाणपोईजवळची ओलसर पायरी, मुळाने उचललेली पायरी, कोणी वाहिलेले चार तांदूळ आणि ते नेणाऱ्या मुंग्या. मी थांबलो की ती थांबे, मागे न पाहता. पाणपोईवर तिने बोटाने दाखवलं, मी पाणी प्यालो. गुडघा दुखत होता, पण आता त्याचं काही वाटत नव्हतं. राग कधी गेला ते कळलं नाही.

मग सावली आली म्हणून मान वर केली, तर मी वरच्या दरवाजात उभा होतो. फळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. बाई नव्हती. पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, सकाळपासून घागरी घेतलेल्या इतक्या बाया आल्या नि गेल्या, कोणती म्हणून सांगू. त्याचं म्हणणंही बरोबरच होतं. ती कोण, यावर मी कधी कोणाशी वाद घातलेला नाही.

वर देवळांचं एक गावच होतं. सेठजी धावत आले, नदी दाखवली, शिखरं दाखवली, काढा म्हणाले. मी नमस्कार केला आणि कागद उघडलाच नाही. डोंगरावर मुक्काम करायचा नसतो, उन्हं कलायच्या आत उतरावं लागलं. मी कोऱ्या कागदांनिशी खाली आलो. अकोल्यापर्यंत सेठजी माझ्याशी चार शब्दांपलीकडे बोलले नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. नव्या पटासाठी भिंतीवर ताणलेलं कापड तसंच कोरं. माजींची तब्येत खालावत चालली होती, डॉक्टर हल्ली नीट उत्तर देत नसत. सेठजींनी दोनदा निरोप पाठवला. दिवाळीच्या सुटीतही मी कापडासमोर नुसता बसून असे. कार्तिकी पौर्णिमा आठ दिवसांवर आली तेव्हा बायकोचा धीर सुटला.

"डोंगर पाह्यला, वाळू पाह्यली. आता कायची वाट पाहून राह्यले तुमी?" ती म्हणाली. "जेवढं ध्यानात हाय तेवढं तं काढा. ती म्हातारी वाट पाहून राह्यली."

ध्यानात काय होतं? पायऱ्या. दुसरं काहीच नव्हतं. शिखर आठवेना, नदी आठवेना. मी कापडाच्या अगदी तळाशी एक पायरी काढली. मग तिच्यावरची. हात चालू लागला. झिजलेली, तुटलेली, ओलसर, एकेक पायरी जशी पायाखाली आली तशीच हातातून येत गेली. कोणतीनंतर कोणती याचा मला विचार करावा लागला नाही. सात दिवस मी वर पाहिलंच नाही. कापडाच्या वरच्या टोकाला हात पोचला तेव्हा फक्त एका दरवाजापुरती आणि वर एका लहानशा कळसापुरती जागा उरली होती.

सेठजींनी पट पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, याच्यात डोंगर कोठी हाय?" डोंगराची कड मी काढलीच नव्हती. दुसरा पट करायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी तोच टांगला. मी मागे खांबाआड उभा राहिलो. या वेळी माजींनी नापसंत केला तर मी पुन्हा कुंचला धरणार नव्हतो, हे नक्की होतं.

खुर्ची पटाला अगदी लावून ठेवली. माजींनी पुढे वाकून उजव्या हाताचं बोट सगळ्यात खालच्या पायरीवर टेकवलं. तिथून वरच्या. तिथून आणखी वरच्या. ओठ हलत होते. पाणपोईपाशी बोट थांबलं, त्यांनी श्वास घेतला आणि कोणाला तरी सांगावं तसं म्हणाल्या की इथे मी बसली तर सासू रागावली होती. बोट पुन्हा चालू लागलं. मागे वंदनाला आलेल्यांची रांग वाढत होती, पण कोणी घाई केली नाही. हात पुरेना तेव्हा सेठजींनी आईला दोन्ही हातांवर उचललं. पोरासारख्या हलक्या झाल्या होत्या त्या. तशाच उचललेल्या, एकेक पायरी न सोडता, त्या दरवाजापर्यंत पोचल्या आणि त्यांनी हात जोडले. डोळे उघडेच होते, आणि भरून वाहत होते.

खाली बसवल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "पाय दुखून राह्यले माहे."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. सात वर्षांत ज्यांनी जमीन पाहिली नव्हती ते पाय. मग तिथून तडक बालाजीला गेलो आणि पहिल्यांदाच काही न मागता, काही न सुनावता उभा राहिलो. मी मागितला होता डोंगर, डोळे भरून. त्याने मला नेलं तो मान खाली घालायला लावून. ज्याला दाखवायचं आहे तो दाखवील, आपण समोर आलेल्या पायरीवर पाऊल ठेवावं, एवढंच मी त्या प्रवासातून शिकलो. ते शिकायला माझ्यासारख्याला आबू आणि मारवाड हिंडावं लागलं, याबद्दल सेठजींचे उपकार आहेत. स्वभाव काही सुटलेला नाही. अजूनही चिडतो, पण चिडता चिडता खाली पाहतो.

माजी त्यानंतर आणखी दोन कार्तिकी पौर्णिमा होत्या. दोन्ही वेळा त्या खालच्या पायरीपासून चढल्या, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी दिवसभर सून त्यांचे पाय चेपत बसली होती.