समुद्राखालचं पठार आणि धावड्याची वंदना

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजूरच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. आजार ठाऊक होता, तरी... खडू हातातच राहिला. आता महिना उलटून गेला, म्हणून लिहायला बसलेय.

आम्ही दोघी धावड्याच्या, आपापल्या घरातून कॉलेजात गेलेल्या पहिल्याच. मी शिक्षिका झाले. ती थेट समुद्रावर गेली. आपल्याकडं डोंगर चढून गेलं की वर सपाट रान लागतं ना, तशी पठारं समुद्राच्या तळाशीही असतात. त्यांचे नकाशे करणाऱ्या जहाजावर माझी मैत्रीण होती, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. गाव मात्र तिला पाणी शोधणारी बाई समजायचं. सुट्टीत आली, की बोअरचा पॉइंट दाखव म्हणून कुणीतरी दारात उभं. ती हसण्यावारी न्यायची. पण तिची माय, म्हणजे आमची मावशीसुद्धा ‘पाण्याचं काहीतरी करती’ एवढंच लोकांना सांगायची, ते तिला लागायचं. आपलं काम मायला कळावं, एवढीच तिची आस होती.

एका दिवाळीत तिनं मायला विहिरीवर नेलं. वाकून हाळी दिली, आवाज परत आला. म्हणाली, जहाज असाच आवाज खाली सोडतं. तो किती वेळानं परत येतो, त्यावरून तळ किती खोल ते कळतं.

“आन् एवढं पाणी त्याला आडवत न्हाई?”

“न्हाई माय, पाण्यात तर तो आणखी जल्दी पळतो.”

मावशी ‘बराबर’ म्हणाली आणि गवताचा भारा उचलून चालू लागली. वंदना मला विचारत राहिली, तिला कळलं असंल का गं?

परवा मावशीकडं गेले होते. वंदनाच्या शेवटच्या सफरीचा नकाशा बैठकीत लावलाय. पठाराचा माथा लाल, भोवतालचा खोल तळ निळा, आणि मधे एक पट्टा कोरा. हवामान बिघडून जहाज तिथून माघारी फिरलं होतं. तेवढा भाग संगणकाकडून अंदाजानं भरून घ्या, असं वरिष्ठ म्हणत होते. ही अडून बसली. भेटायला आलेले पाहुणे नकाशात जालना शोधत होते. एकानं त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. म्हणाला, इथं छपाईत राह्यलं वाटतं.

मावशी चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली,

“राह्यलं न्हाई. तिथं आवाज सोडलाच न्हाई तिनं. मंग रंग कसा भरंल?”